ऊन वाढलं की युनिट वाढतात : गावभागातल्या एका प्लग-इन सोलरचं प्रकरण

गेल्या मे महिन्यात सांगलीच्या गावभागातून एका काकांचा फोन आला. "सोलर लावल्यापासून बिल वाढलंय. येऊन बघता का?" सोलर लावूनही बिल कमी झालं नाही, ही तक्रार मला नवी नाही. पॅनलवर धूळ साचलेली असते, नाहीतर शेजारच्या टाकीची सावली पडत असते. पण बिल वाढलं, असं सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

घर जुनं, दोन मजली. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा या घराचा खालचा मजला पाण्यात होता. २०२१ला पुन्हा पाणी आलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या पुराचा या प्रकरणाशी संबंध आहे आणि तो मला शेवटी कळला.

काका निवृत्त शिक्षक. घरात ते आणि काकू दोघंच असतात, मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तिकडे फ्लॅटच्या बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनल टांगायचे, एक छोटा मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारा डबा, जोडायचा आणि त्याची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची, ही पद्धत चांगलीच रुळली आहे. मे २०२४मधल्या कायद्याने तिथे ८०० वॉटपर्यंतचा इन्व्हर्टर आणि २००० वॉटपर्यंतचे पॅनल असे लावायला मोकळीक दिली. लावणाऱ्याने सरकारी नोंदणी केली की झालं. फेब्रुवारीत सुट्टीवर येताना मुलाने तसला ८०० वॉटचा मायक्रोइन्व्हर्टर बॅगेतून आणला. ५४० वॉटचे दोन पॅनल इथेच घेतले, वेल्डिंगवाल्याकडून गच्चीवर स्टँड करून घेतला आणि जिन्याच्या खोलीतल्या बोर्डात पिन खोचली. मोबाइलवर रोज चार युनिट तयार झालेली दिसायला लागली. मुलाचा हिशेब सरळ होता : महिन्याला १५० युनिट लागतात, १२० तयार होतात, म्हणजे बिल ३० युनिटचं यायला हवं.

बिल आलं १९०च्या आसपासचं.

काका त्या मायक्रोइन्व्हर्टरला 'सोलरची डबी' म्हणतात आणि बॅटरीवाल्या इन्व्हर्टरला नुसतं 'इन्व्हर्टर'. इथून पुढे मीही तेच शब्द वापरतो, म्हणजे दोन इन्व्हर्टरांचा घोळ होणार नाही.

बिलाचं बोलून झाल्यावर बाकीच्या गोष्टी एकेक करून निघाल्या. रविवारी दुपारी बाराच्या पुढे डबीचा लाल दिवा लागतो आणि निर्मिती थांबते. काकू गच्चीवर कुरडया घालायला गेल्या आणि ओल्या हाताने स्टँडला धरलं, तर झिणझिण्या आल्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत चार महिन्यांतून एकदा डिस्टिल्ड वॉटर घालावं लागायचं, ते आता तीन आठवड्यांतच लागतं. आणि लाईट गेली की इन्व्हर्टर थोडा वेळ चालतो, मग टीं टीं करून बंद पडतो.

"रात्री लाईट गेली तरी असंच होतं का?" मी विचारलं.

काकू लगेच म्हणाल्या, "छे हो, रात्री काही नाही. रात्रभर पंखा चालतो की. दुपारीच मेलं त्याला काय होतं कोण जाणे."

ही तक्रार घेऊन ते बॅटरीच्या दुकानात जाऊन आले होते. तिथे 'बॅटरी संपली, नवी घ्या' असं सांगितलं. गच्चीवरच्या झिणझिण्यांसाठी एकाने येऊन स्टँडच्या पायाखाली रबर घातलं. बिलासाठी मीटर तपासायचा अर्ज लिहून तयार होता. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला. डबी आल्यापासून हे सगळं सुरू झालं, हे काकूंना ठाऊक होतं. पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

वही

हे प्रकरण सुटलं त्यात काकांच्या वहीचा वाटा मोठा आहे. शाळेत हजेरी घ्यायच्या सवयीने ते रोज संध्याकाळी सहा वाजता मीटरचा आकडा लिहून ठेवतात. शेजारी हवामानाचा एक शब्द असतो : 'कडक ऊन', 'ढगाळ', 'वळीव'. मी डबी आल्यापासूनची पानं चाळली. कडक उन्हाच्या दिवशी सहा-साडेसहा युनिट. ढगाळ दिवशी साडेचार-पावणेपाच.

मी ते दोनदा पाहिलं. सोलर असलेल्या घरात हे उलटं दिसायला हवं. आधी वाटलं, उन्हाच्या दिवशी पंखे जास्त चालत असतील. पण एक पंखा दिवसभर चालला तरी पाऊण युनिटच्या आत जातो. पावणेदोन युनिटचा फरक पंख्याने पडत नाही. आणि जानेवारीची पानं काढली तर तिथे रोज पाच युनिटच्या आसपास, ऊन असो नसो.

मी काकांना म्हटलं, "मुख्य स्विच सोडून घरातलं सगळं बंद करा. फ्रिजसुद्धा. फक्त डबी चालू ठेवा."

साडेअकरा वाजले होते. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्याजवळ बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो. या मीटरवर ३२०० होता, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुकी. घरात एकही वस्तू चालू नाही, तर दिवा स्थिर राहायला हवा. तो जोरात लुकलुकत होता. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ३७. तासाचे २२२०, म्हणजे ७०० वॉटच्या जवळ. काकांच्या मोबाइलवर डबी त्या क्षणाला ७१० वॉट दाखवत होती. डबीच्या लाइनचा एमसीबी (जादा प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) हाताने पाडला. दिवा थांबला.

काका मीटरकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही वीज देतोय आणि तिचेच पैसे भरतोय?"

हो, नेमकं तेच होत होतं. आपल्याकडच्या घरगुती मीटरांमध्ये वीजचोरी पकडण्यासाठी अशी व्यवस्था असते की कोणी वायर उलटी जोडून प्रवाहाची दिशा फिरवली, तरी मीटर पुढेच मोजतो. चोरासाठी हा बंदोबस्त योग्यच आहे. पण त्या मीटरला चोर आणि सोलर यातला फरक कळत नाही. प्रवाह आत आला काय, बाहेर गेला काय, तो बेरीजच करतो. आत किती आणि बाहेर किती, हे वेगवेगळं लिहिणारा मीटर म्हणजे नेट मीटर, आणि तो रीतसर परवानगी घेतल्यावरच बसतो. जर्मनीत जुना, उलटा फिरणारा चकतीचा मीटरसुद्धा बदलून मिळेपर्यंत चालवून घेतात. तिथे बाहेर गेलेलं युनिट बिलातून वजा होतं. मुलाचा हिशेब तिथल्या मीटरवर बरोबर आला असता.

मी वहीतच मांडून दाखवलं. या घराची रोजची गरज पाच युनिट. दिवसा घरात फ्रिज, एखादा पंखा, म्हणजे सोलरमधलं सव्वा-दीड युनिट घरातच संपतं. उरलेलं अडीच-पावणेतीन बाहेर जातं. बाहेरून घ्यावं लागतं पावणेचारच्या आत. पण मीटर लिहितो पावणेचार अधिक पावणेतीन, म्हणजे साडेसहाच्या आसपास. ढगाळ दिवशी दीडच युनिट तयार होतं, बाहेर जेमतेम अर्धं-पाऊण जातं, म्हणून आकडा खाली येतो. महिन्याचं गणित १९०ला जाऊन भिडतं. त्यात वाढलेली चाळीस युनिटं १०१ ते ३००च्या महागड्या टप्प्यातली. शंभराच्या आतल्या दरापेक्षा तिथे बराच जास्त दर लागतो, म्हणून रुपयांत ती वाढ आणखी टोचते.

तुमच्या घरी असलं काही लावलेलं असेल, तर दुसरं काही करायच्या आधी ही लुकलुक मोजा. त्याला हत्यार लागत नाही, उघड्या वायरला हात लावावा लागत नाही. सगळं बंद, डबी चालू, दुपारची वेळ आणि हातात घड्याळ.

पिन

झिणझिण्यांचं कारण शोधायला वर गेलो, तर बोर्डाजवळ उभं राहिल्याबरोबर बेकेलाइट तापल्याचा ओळखीचा वास आला. डबीची पिन जर्मन पद्धतीची : गोल, दोन जाड पिनांची. तिला अर्थिंगची तिसरी पिन नसते. तिकडच्या सॉकेटच्या कडेला दोन पितळी पट्ट्या असतात, त्या पिनेच्या बाजूला घासून अर्थिंग मिळतं. आपल्या सॉकेटमध्ये ती पिन जाते, हाच खरा धोका आहे. ती गेलीच नसती तर कोणीतरी विचार केला असता. तिच्या पिना ४.८ मिलिमीटरच्या, आपल्या सहा अँपिअरच्या सॉकेटची भोकं ५.१च्या पिनेसाठी. सैल बसते, आणि अर्थिंग मुळीच मिळत नाही.

डबीचं अंग धातूचं, ते स्टँडला बोल्टने कसलेलं, स्टँडला पॅनलची चौकट. सगळं धातू एकत्र आणि जमिनीशी नातं कशाचंच नाही. अशा उपकरणात फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून किंचित प्रवाह अंगावर येतो. अर्थिंग असलं की तो निमूट जमिनीत जातो, नसलं की जो हात लावेल त्याच्यातून जातो. माझ्या हातातल्या मल्टिमीटरवर चौकट आणि अर्थिंग यांच्यामध्ये १०५ व्होल्ट दिसले. आकडा भीतीदायक आहे, पण नुसत्या आकड्यावर थांबून चालत नाही. मी १५ वॉटचा टेस्ट लॅम्प मध्ये लावला, तेव्हा व्होल्ट शून्याजवळ आले आणि दिवा पेटलाही नाही. म्हणजे फेज अंगाला टेकलेला नव्हता, फक्त गळती होती. दिवा पेटला असता तर मी तिथेच सगळं उतरवलं असतं. पायाखाली घातलेल्या रबराने मात्र काम आणखी बिघडवलं होतं. जमिनीशी जे थोडंफार नातं होतं तेही तुटलं. झटका बसतो म्हणून अर्थिंग तोडणं, हे मी सांगलीत इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता राग येतो. फ्रिजची तिसरी पिन कापून टाकणारी घरं आहेत.

आता लाल दिवा. डबी ग्रिडचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनचं, व्होल्टेज सतत बघत असते आणि तिच्यात भरलेल्या मर्यादेच्या वर ते गेलं की स्वतःला तोडून घेते. या डबीत जर्मन नियम भरलेले, तिची सीमा २५३ व्होल्ट. आपल्याकडे घरी २३० व्होल्ट यायला हवेत, सहा टक्के वर-खाली म्हणजे साधारण २१६ ते २४४. रविवारी दुपारी आजूबाजूची दुकानं बंद, रोहित्रावर भार कमी, म्हणून मीटरपाशीच २४२ होते. नियमात बसणारे. पण वर जिन्याच्या सॉकेटला २५३. डबी बंद केली की तिथेही २४२.

घरात वीज येताना वायरमध्ये व्होल्टेज पडतं, हे सगळ्या वायरमनना पाठ आहे. डबी वीज बाहेर ढकलते तेव्हा तेच गणित उलटं चालतं : ज्या टोकाला डबी, तिथे व्होल्टेज चढतं. वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ३.१ अँपिअर. ३.१ अँपिअरला ११ व्होल्ट चढतात, म्हणजे वाटेत साडेतीन ओहमचा अडथळा आहे. बोर्डापासून वरपर्यंत एक एमएमची तांब्याची वायर, अंदाजे २८ मीटर, जाऊन-येऊन ५६. तिचा अडथळा एक ओहमच्या थोडा वर भरतो, म्हणजे साडेतीन व्होल्टचा हिशेब लागला. उरलेले साडेसात व्होल्ट वायरचे नाहीत. ते कुठल्यातरी सैल जागेचे आहेत, आणि साडेसात व्होल्ट गुणिले ३.१ अँपिअर म्हणजे २३ वॉट उष्णता तिथे रोज पाच-सहा तास पडतेय. रेडिओ दुरुस्तीवाल्याची डागणी २५ वॉटची असते. भिंतीत एक डागणी रोज पेटत होती, असं समजा.

थोडी उष्णता सैल पिनेत सापडली. सॉकेटचा मागचा भाग तपकिरी झाला होता. पण मोठी जागा जिन्यातल्या जंक्शन बॉक्समध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या बंद खोक्यात होती. झाकण उघडलं तर आत जुनी वायर आणि नवी वायर एकमेकींना हाताने पिळून वर काळी टेप. टेप वितळून चिकट झालेली, तांबं हिरवं पडलेलं. काका म्हणाले, "पुरानंतर खालचं वायरिंग बदललं, वरचं तसंच ठेवलं." दोन्ही वायरिंग जिथे भेटले, तो हा जॉइंट. जिन्यातला एक दिवा आणि मोबाइलचा चार्जर यांच्यासाठी तो पाच वर्षं पुरला. तीन अँपिअर सलग सहा तास वाहायला लागल्यावर त्याची गोष्ट उघडी पडली.

आणखी एक धोका इथे होता, तो घडला नव्हता पण घडू शकत होता. खालच्या बोर्डात या लाइनला १० अँपिअरचा एमसीबी. एक एमएमची वायर पाइपमध्ये अकरा-बारा अँपिअरच्या पुढे नेऊ नये. उद्या कोणी याच लाइनवर इस्त्री आणि हीटर लावला, तर एमसीबीकडून १० आणि डबीकडून ३ अशी १३ अँपिअर वायरच्या एखाद्या तुकड्यातून जाईल आणि एमसीबीला पत्ताही लागणार नाही, कारण त्याच्यातून दहाच गेलेली असतील.

बॅटरी

यातली सगळ्यात गंभीर गोष्ट बॅटरीची. तिची मला गेल्याबरोबर शंका यायला हवी होती, पण मी मीटरमध्ये अडकलो होतो. काकूंचं 'दुपारीच होतं' हे वाक्य डोक्यात होतं. जेवून पुन्हा आलो.

बॅटरी जिन्याखाली, १५० एएचची ट्यूब्युलर. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, गेल्या वर्षी बदललेला. आणि जिन्याखालच्या त्याच कोनाड्याला लागून देवघर. मी वाकलो तर आंबूस, थोडासा सडक्या अंड्यासारखा वास. हा वास म्हणजे बॅटरी सोसवणार नाही इतकी चार्ज होतेय. त्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्याला स्वतःला वास नसतो, आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. शेजारी सकाळ-संध्याकाळ समई लागते. मी काकूंना आधी समई दुसरीकडे हलवायला सांगितलं, जिन्याखालचा पडदा काढला आणि मग काम सुरू केलं.

जिन्याची लाइन कुठून येते ते शोधलं. लाईट गेल्यावर जिन्यात अंधार नको, म्हणून तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेला. आपल्याकडे बहुतेक घरांत जिना, देवघर आणि बेडरूमचा पंखा याच लाइनवर असतात. मुलाने डबीची पिन खोचली ती या लाइनवर.

आता हे कसं घडतं ते नीट सांगतो. डबी एकटी चालू शकत नाही. लाईट गेली की ती तत्क्षणी बंद होते, आणि तशीच ती बनवलेली असते. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला बंद समजलेल्या तारेतून झटका बसेल. मी उमेदवारीची दोन वर्षं खांबावर काढली आहेत, त्यामुळे या एका गुणाबद्दल मला फार आस्था आहे. पण डबीला ग्रिड म्हणजे काय कळतं? ठरावीक व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची स्वच्छ लहर. लाईट गेल्यावर काकांचा साइन वेव्ह इन्व्हर्टर नेमकं तेच तयार करतो. डबी मिनिटभर वाट बघते, सगळं जागेवर दिसतं आणि ती परत सुरू होते. तिच्या दृष्टीने तो इन्व्हर्टरच महावितरण.

दुपारी पाऊण वाजता मी मेन बंद करून लाईट गेल्याचं सोंग केलं. बॅटरीच्या जाड केबलवर डीसी क्लॅम्प लावला. दोन पंखे, तीन दिवे, फ्रिज नाही. बॅटरीतून १८ अँपिअर बाहेर जात होते. वर काका डबीच्या दिव्याकडे बघत उभे. "लाल... लाल... हिरवा झाला!" इकडे आकडा उतरायला लागला. १०, ४, शून्य. मग क्लॅम्पवरचं उणे चिन्ह गेलं आणि आकडा चढत राहिला. १५, २४, ३३ अँपिअर, आता बॅटरीच्या आत. घरात दोनशे वॉट लागत होते, डबी सातशे ओतत होती. उरलेली वीज जाणार कुठे? मेन बंद, बाहेर वाट नाही. इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनेही चालतो, त्यातून ती बॅटरीत घुसत होती. इन्व्हर्टरचा चार्जर बॅटरी भरली की १४.४ व्होल्टच्या आसपास हात आखडतो. पण ही वीज चार्जरच्या दारातून येतच नव्हती, तिला कोण थांबवणार? बॅटरी १५.३ व्होल्टला गेली, घरातलं व्होल्टेज २२२ वरून २४६, इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. मी लगेच डबीचा एमसीबी पाडला.

मे महिन्यात पावसाळ्याआधीच्या कामांसाठी दुपारी लाईट जाते, कधी दोन तास, कधी चार. त्या प्रत्येक दुपारी हेच होत होतं. बॅटरी उकळून पाणी उडत होतं, मग इन्व्हर्टर कंटाळून बंद, डबी बंद, थोड्या वेळाने इन्व्हर्टर पुन्हा चालू, डबी पुन्हा चालू. काकांनी नवी बॅटरी घेतली असती तर ती यापेक्षा लवकर गेली असती. आणि इन्व्हर्टरमधला जो रिले घरची लाइन आणि बाहेरची लाइन वेगळी ठेवतो, तो अशा ओढाताणीत कधी चिकटलाच, तर डबीची वीज सरळ खांबावर. तिथे कोणाचातरी मुलगा काम करत असतो.

मग काय केलं

डबी त्याच दिवशी काढली. आधी एमसीबी पाडला, क्लॅम्पवर शून्य पाहिलं, पॅनलवर गोधडी टाकली, मग पॅनलच्या वायरींची जोडणी सोडली. हा क्रम सोडू नका. चालू प्रवाहात डीसीची जोडणी ओढली तर ठिणगी विझत नाही, जळत राहते. एका पॅनलचे उघडे व्होल्ट ४९च्या घरात असतात, झटका फारसा नाही, पण डोळा आणि बोटं जायला ती ठिणगी पुरते.

मुलाचा रात्री व्हिडिओ कॉल आला. त्याने विचारलं की स्वतंत्र लाइन ओढली, अर्थिंग दिलं आणि पिनेऐवजी पक्की जोडणी केली, तर डबी ठेवता येईल का. विजेच्या दृष्टीने बहुतेक दोष त्याने जातील, हे खरं आहे. तरी मी नाही म्हटलं. नेट मीटर नसताना मीटरचा घोळ तसाच राहतो. नेट मीटर हवा तर महावितरणची परवानगी हवी, आणि त्यासाठी इथल्या मानकांत बसणारा सोलर इन्व्हर्टर लागतो. बॅगेतून आलेला डबा त्या कागदांत बसत नाही. त्याला वाईट वाटलं. वडिलांचं बिल वाचावं म्हणून त्याने मनापासून केलं होतं, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

भरलेल्या जादा बिलाबद्दल काकांनी विचारलं. परवानगी न घेता जोडलेल्या यंत्रामुळे आलेल्या युनिटांवर दाद मागू नका, असं माझं मत दिलं. मीटर तपासणीचा अर्ज त्यांनी स्वतःच फाडला. मीटर चांगलाच होता.

मधल्या काळासाठी एक पॅनल वेगळ्या सोलर कंट्रोलरवर घेऊन थेट बॅटरीला जोडलं. कंट्रोलर २० अँपिअरचा, त्याच्यापुढे तो जात नाही, आणि बॅटरी भरली की स्वतः हात आवरतो. पॅनलच्या चौकटींना चार एमएमची हिरवी वायर देऊन अर्थिंगला नेली. जिन्यातला पिळलेला जॉइंट तोडला, वायर बोर्डापासून अडीच एमएमची नवी ओढली, बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवला. बॅटरीतल्या ॲसिडची घनता बघितली : पाच सेल १.२२५ ते १.२३५, एक १.२००. ट्यूब्युलरला १.२४० पूर्ण धरतात. म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती. पाणी घातलं, दोन दिवस नीट चार्ज केली, देवघरापासून दूर, खिडकीजवळ हलवली.

मोठ्या कामासाठी रीतसर अर्ज केला. फेब्रुवारी २०२४ला सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे तीस हजार रुपये अनुदान मिळतं, तीन किंवा त्यापुढे एकूण ७८ हजार. पॅनलमधले सेल भारतात बनलेले असावे लागतात आणि काम नोंदणीकृत विक्रेत्यानेच करायचं. काकांनी दोन किलोवॉट घ्यायचं ठरवलं, कारण काकूंना इंडक्शन शेगडी घ्यायची आहे. नव्या यंत्रणेची लाइन मेन बोर्डातून वेगळी निघते, इन्व्हर्टरच्या लाइनशी तिचा कुठेही संबंध नाही. हे मी विक्रेत्याच्या माणसासमोर उभं राहून दोनदा तपासलं.

ऑगस्टच्या शेवटी नेट मीटर बसला. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा काकांनी वहीत नवी रेघ मारून दोन रकाने केले होते, घेतलेली आणि दिलेली. मी पुन्हा दुपारी मेन पाडून पाहिलं. नवा सोलर इन्व्हर्टर बंद झाला तो बंदच राहिला, बॅटरीवर १३.१ व्होल्ट, बाहेर १७ अँपिअर, कसला आवाज नाही. काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. ओल्या हाताने स्टँडला धरून त्यांनी वरूनच ओरडून सांगितलं, "काही लागत नाही बरं का!"

निघता निघता मी खालच्या मजल्यावरचे दोन जंक्शन बॉक्स उघडले. पुरानंतर त्याच हाताने काम झालं असणार, ही शंका होती. दोन्हीकडे तसेच पिळलेले जॉइंट, एकात तांबं हिरवं. अजून चार बॉक्स उघडायचे आहेत. दिवाळीच्या माळा लागायच्या आत ते काम उरकायचं ठरलं आहे.